फुटलं म्हणायचं नाही

उगमापासून समुद्रापर्यंत तापीच्या दोन्ही काठांवर शोधलं, तरी माझ्या नणंदेइतकी हट्टी बाई सापडायची नाही, आणि हे मी तिची भावजय असूनही कौतुकानं सांगते आहे. पांडेसऱ्यातल्या एका मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढायची तिची चांगली नोकरी होती. ती सोडून ही बया बमरोलीच्या आमच्या घरामागं, पत्र्याच्या खोलीत विजेची भट्टी बसवून चिनी मातीची शिल्पं करते. शिल्पं म्हणजे गणपती किंवा मोर नव्हेत. कशासारखीच न दिसणारी, पांढरी, पापडाइतकी पातळ, वाकडीतिकडी. पाहुणे विचारतात, "हे काय आहे?" ती म्हणते, "बघा ना." ते बघतात, चहा पितात आणि रिकामा कप नेमका त्याच शिल्पात ठेवतात.

ओली माती एका बाजूनं आधी सुकली की तडकते, म्हणून तिचं काम घरात आणलेलं असलं की मे महिन्यातही पंखा बंद. माझा नवरा बनियनला घाम पुसत म्हणाला, "ताई, माणसं सुकली तर चालतील का?" ती शांतपणे म्हणाली, "सगळीकडून सारखी सुकली तर चालेल." शेजारच्या कारखान्यात लूम सुरू झाले की आमची भिंत थरथरते आणि तिचे नाजूक जोड निसटतात. ती थेट मालकाकडे गेली. तो बिचारा गुजरातीत म्हणाला, "बेन, तमारी माटी माटे हुं लूम बंध करुं?" हिनं उत्तर दिलं, "फक्त जमवाना टाइमे," म्हणजे जेवणाच्या वेळी. तेव्हापासून तिथले कारागीर सगळे एकदम जेवतात आणि तेवढ्यात ही आपले जोड लावून घेते.

पण तिचा सगळ्यात मोठा हट्ट एका शब्दाचा. भट्टीतून काही तडकून निघालं की "फुटलं" म्हणायचं नाही. "वाढलं" म्हणायचं, बांगडीला किंवा देवापुढच्या नारळाला म्हणतात तसं. मग तुकडे कुणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून वेचून तुळशीच्या कुंडीत घालायचे. आमच्या कुंडीत आता माती कमी आणि शिल्पंच जास्त आहेत. सासूबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्या धुळ्याकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या. "बांगडी वाढस, नारळ वाढस," त्या कडाडायच्या, "तुन्हं हाई नुसतं फुटस!" लेकीनं नोकरी सोडली, लग्नाला नाही म्हटलं, तो सगळा राग त्या एका शब्दात असायचा. नणंद तुकडे वेचत राहायची. मला मात्र एकदा म्हणाली, "वहिनी, मायनं माझ्या कामाला काम म्हणावं, बस. मला दुसरं काही नको."

गेल्या हिवाळ्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मी जावाना पहिले एक तरी आख्खं दखाड मले." झालं. भट्टीत मावेल तेवढं उंच शिल्प हिनं करायला घेतलं. ते वाळताना वाढलं. दुसरं भाजताना वाढलं. तिसरं नुसतंच आडवं झोपलं. प्रत्येक वेळी ती तुकडे वेचायची, हात धुवायची आणि नवी माती मळायला बसायची. तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी एक उभं राहिलं. दोरीवरची साडी वाऱ्यानं फुगावी तसं. आम्ही ते जपून सासूबाईंच्या खाटेशी आणलं. त्यांनी वरून खाली हळूहळू बोट फिरवलं आणि बोट एका बारीक भेगेवर थांबलं. मला भेग दिसलीच नव्हती. नणंदेला दिसली असावी, कारण तिनं डोळे मिटून घेतले होते. आता तो शब्द येणार. सासूबाईंनी पदर सावरला. "जराखं वाढनं वं बाई," त्या म्हणाल्या.

आयुष्यात कुणापुढं न रडलेली माझी नणंद त्या दिवशी खाटेच्या कडेला डोकं टेकून ढसाढसा रडली, आणि मीही.

सासूबाई गेल्या. ते शिल्प त्यांच्या खोलीतच आहे आणि त्यात कप ठेवायची कुणाची छाती नाही. आता सगळं झालं, थोडी विश्रांती घे, असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "मायनं आख्खं मागितलं होतं. ते कुठं झालंय अजून?" काल दुपारी लूम थांबले तेव्हा मागच्या खोलीतून हाक आली, "वहिनी, वाढलं हो!"

"आले," म्हटलं, आणि तुळशीची कुंडी पुढं ओढली.