खिडकीवालीचा मान

मी मुळातच भित्री. लहानपणी गोठ्यात वैरण टाकायला पाठवलं, की दारातूनच पेंढी भिरकावून पळत सुटायचे. आणि पुढं काम काय नशिबी आलं, तर म्हशीच्या पोटात हात घालायचं! भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझा चार पायांचा निघाला.

काम सांगायला अवघड नाही. म्हैस वैरण खाते, पण ती खरी पचवतात तिच्या पोटातले बारीक जीव. त्या पोटातल्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर जोतिबाच्या चैत्रातल्या यात्रेसारखी गर्दी दिसते. सगळे धावताहेत, ढकलताहेत, कोणाला कशाची शुद्ध नाही. ही यात्रा पांगली तर म्हशीपुढं कितीही हिरवा मका टाका, ती उपाशीच मरणार. या जिवांना बळ यावं म्हणून मी एक पावडर तयार केली होती. आमच्या संशोधनाच्या गोठ्यात ती चांगली लागू पडली, तेव्हा कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावातल्या एका गल्लीतल्या म्हशींनाही सुरू केली. रोज सकाळी मूठभर, भिजवलेल्या पेंडीतून.

आमच्या गोठ्यात एक म्हैस आहे, तिला आम्ही खिडकीवाली म्हणतो. तिच्या डाव्या कुशीला हात जाईल एवढं भोक आहे आणि त्याला रबराचं घट्ट झाकण. रीतसर शस्त्रक्रिया करून ते केलेलं आहे, जखम केव्हाच भरली. ती खाते, पिते, शेपटीनं माश्या मारते. झाकण काढून आत हात घातला, की ऊन ऊन वैरण लागते आणि थोड्या थोड्या वेळानं पोट सगळा हात आवळून सोडतं. पहिल्यांदा आवळलं तेव्हा मी किंचाळले होते. गडमुडशिंगीत मात्र मी हिच्याविषयी अवाक्षर काढलेलं नव्हतं. जिथं लोक म्हशीची धार कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढून फेसासकट पितात, तिच्या शिंगांना पोरीच्या वेणीसारखं सजवतात, तिथं म्हशीच्या पोटाला भोक पाडलंय हे सांगायची माझी छाती झाली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी फोन वाजला. माझा धाकटा भाऊ हातकणंगल्याहून येऊन पाटावर बसला होता, मी निरांजन लावत होते. फोन गडमुडशिंगीच्या जनावरांच्या डॉक्टरांचा. गल्लीतल्या एका मावशींची म्हैस पहाटेपासून बसली होती. उठत नव्हती, रवंथ बंद, कान गार, शेण पातळ आणि आंबट वासाचं. डॉक्टर म्हणाले, "पोट बंद पडलंय. पीठ-धान्य जास्त झालं की असं होतं, पण मावशी म्हणतात, वैरणीशिवाय काय बी घातलं न्हाय. मग तुमची पावडरच राहिली, मॅडम."

माझ्या हातातलं निरांजन थरथरायला लागलं. त्या मावशींनी ही म्हैस पारडी असल्यापासून वाढवलेली. आई मेलेल्या त्या पारडीला त्यांनी बाटलीनं दूध पाजलं होतं, घरात भांडीकुंडी ठेवायच्या खोलीत निजवलं होतं. आणि माझी पावडर त्यांनी घेतली ती माझ्या तोंडाकडं बघून. शिवाय गल्लीतल्या बाकीच्या म्हशींनीही तीच खाल्लेली. एक बसली म्हणजे आता ओळीनं सगळ्या बसणार का?

"ताई, ओवाळणार का मला पेटवणार?" भाऊ म्हणाला. मी त्याला कसंबसं ओवाळलं आणि म्हटलं, "गाडी काढ."

चूक पावडरीची असो की कशाची, उपाय एकच होता. मेलेल्या यात्रेच्या जागी जिवंत यात्रा नेऊन सोडायची. निरोगी म्हशीच्या पोटातलं पाणी आजारी म्हशीला पाजायचं. आम्ही आधी आमच्या गोठ्यावर गेलो. मी खिडकीवालीचं झाकण काढलं, वैरण मूठमूठ बाहेर काढून फडक्यातून पिळली आणि लग्नात चहा ठेवतात तसल्या मोठ्या थर्मासमध्ये ते हिरवं-तपकिरी पाणी भरलं. त्यातले जीव थंडीनं मरतात, हवेनंही मरतात. थर्मास काठोकाठ भरून घट्ट लावला आणि मांडीवर घेतला. भावानं नाक दाबलं. "भुताचा चहा," म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले आणि गाडी सुरू करायला लावली.

आणि निम्म्या वाटेत आम्ही अडकलो. पाडव्याला सुरू झालेली म्हशींची मिरवणूक काही भागांत भाऊबीजेलाही चालते, हे कोल्हापुरात जन्म काढूनही मी त्या दिवशी विसरले होते. रस्ता माणसांनी भरलेला. भादरून, तेल चोपडून चकचकीत केलेल्या म्हशी, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चाळ. पुढं मालक मोटारसायकलचा आवाज काढत जातो आणि त्याची म्हैस त्याच्या मागं धावते. लोक शिट्ट्या मारतात. दरवर्षी मीही उभी राहून बघते. त्या दिवशी मात्र प्रत्येक धावती म्हैस बघून मला ती बसलेली दिसत होती. थर्मासच्या झाकणाला मी हात लावून बघायचे. ते आधी कोमट होतं, मग मला गार वाटायला लागलं. खरंच गार झालं होतं की माझाच हात गार पडला होता, कोण जाणे.

खिडकीतून डोकं काढून मी ओरडले, "अहो, सोडा की जरा! म्हस मरायला लागलीय!"

एवढी गर्दी, एवढा गोंगाट, पण ते वाक्य बरोबर पोचलं. एका पैलवानी गड्यानं मागं वळून आवाज टाकला, "ए, बाजूला सरा! पावण्यांची म्हस शिक हाय!" आणि त्या सजवलेल्या म्हशी दोहोंकडं सरकल्या. मला रडूच कोसळलं.

मावशींच्या घरामागच्या परड्यात गल्ली जमली होती. म्हैस मान कुशीवर टाकून बसलेली. शिंगांचा ताजा रंग तसाच, गळ्यात पाडव्याचा हार तसाच, पण डोळे आत गेलेले. मावशी तिच्या तोंडाशी बसून पदरानं तिच्या नाकपुड्या पुसत होत्या. डॉक्टरांनी नळी घालून पोटातलं बरंच काढून टाकलं होतं, खायचा सोडा पाजला होता, सलाईन चालू होतं. बादलीतल्या पाण्याचा वास आंबलेल्या पिठासारखा. मी त्यातला एक थेंब बरोबर आणलेल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काहीही हलत नव्हतं. तसा ओसाड थेंब मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"मावशी," मी विचारलं, "आठवून सांगा. पीठ, भात, भाकरी, काही जास्तीचं खायला घातलं का?"

"न्हाय बाई, काय बी न्हाय. वैरण, पेंड आन् तुमची पावडर. देवाशप्पथ."

त्यांच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. मग खोटी माझी पावडरच, असं मी मनाशी धरलं. थर्मास उघडला, वाफ आली. आम्ही नळीतून ते सगळं पाणी आत सोडलं. "ह्यो काय काढा म्हणायचा?" गल्लीतल्या कुणीतरी विचारलं. "दुसऱ्या म्हशीच्या पोटातलं पाणी," मी म्हटलं, आणि कसं काढलं ते कुणी विचारू नये म्हणून सलाईनच्या बाटलीकडं बघत बसले.

मग नुसती वाट बघणं. मी घरोघर जाऊन माझी पावडर परत घेतली. प्रत्येक दारात पाय अडखळायचा, कारण प्रत्येक म्हैस मला आजारी दिसत होती. एकीनं नुसता सुस्कारा टाकला, तरी मी भिंतीला टेकले. भाऊ माझ्यामागून पिशवी धरून हिंडत होता आणि एकदाही चेष्टा करत नव्हता, त्यानं मी आणखीच घाबरले.

ऊन कलल्यावर मावशींच्या म्हशीनं कान हलवला. मग मान उचलली. थोड्या वेळानं गळ्यातून एक गोळा वर चढताना दिसला आणि तिचा जबडा आडवा फिरायला लागला. रवंथ! मावशी हात जोडून म्हणाल्या, "बाई, तुमीच वाचीवलं." मला तिथं उभं राहवेना. मी वाचवलं की मीच मारायला निघाले होते, ते मला ठाऊक नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. गल्लीत आणखी कुठली म्हैस बसली नाही, तरी माझी धास्ती जाईना. पावडरीच्या पिशव्या कुलूप लावून ठेवल्या. सहकारी म्हणायचे, एका जनावरावरून काही ठरत नाही. ते मीही विद्यार्थ्यांना शिकवते. पण फोन वाजला, की ते शिकवलेलं सगळं गळून पडायचं.

आणि एका दुपारी मावशीच आमच्या गोठ्याच्या फाटकात उभ्या राहिल्या. इरकली लुगडं, काखेत झाकलेली पाटी. "जिच्या पोटातलं पानी आनलं, तिची वटी भरायला आलोय," म्हणाल्या. "आमच्या म्हशीची भनच झाली की ती."

आता लपवायला जागा नव्हती. मी त्यांना खिडकीवालीपाशी नेलं आणि त्या ओरडतील म्हणून अंग चोरून उभी राहिले. त्यांनी झाकण पाहिलं. हात लावला. "दुखतंय व्हय गं तुला?" त्यांनी म्हशीलाच विचारलं. खिडकीवाली त्यांचा पदर हुंगत राहिली. मग मावशींनी तिला कुंकू लावलं, पाठीवर खण ठेवला, नारळ पायाशी ठेवला आणि पाटीवरचं फडकं काढलं. पाटीभर बुंदीचे लाडू.

"मावशी! हे काय?"

"मान हाय की तिचा."

"अहो, एवढे लाडू खायला घातले तर मरेल ती!"

"खायाला कुठं घालतोय?" मी खुळी असल्यासारखं त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "मानाचा घास हाय बाई. पाडव्याला आमचीबी आशीच दारोदार फिरवली की. हरेक दारात ववाळून लाडू, करंज्या, पोळ्या. आई-इना वाढल्याली, समद्या गल्लीची लाडकी. समद्यांनी मान दिला तिला."

मी वैरणीच्या गंजीवर बसले. मी विचारलं होतं, खायला काय घातलं? त्यांनी खरं उत्तर दिलं होतं. देवापुढं ठेवलेल्या नैवेद्याला कुणी देवाचं जेवण म्हणून मोजत नाही, तसं हे. पावडर नव्हती. सगळ्या गल्लीची माया एकाच पोटात गेली होती आणि आतली यात्रा त्यात बुडाली होती.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी मान वर केली तर मावशींचा चेहरा उतरलेला. त्यांना कळलं होतं. "म्हंजे... मीच व्हय?" त्या म्हणाल्या. इतके दिवस माझ्या उरावर बसलेलं भय माझ्यादेखत उठून त्यांच्या उरावर जाऊन बसलं. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं जनावर, आणि त्याच हातांनी.

"मावशी, तुम्ही एकट्या नव्हे हो. आणि मी तरी नीट कुठं विचारलं," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्यांनी लाडू फडक्याखाली सारले. एक तेवढा ठेवला. तो फोडला, परत फोडला, आणि बुंदीचे चार दाणे तळहातावर घेऊन मला विचारलं, "एवढं चालंल?"

मी मान हलवली आणि खालून त्यांचा हात धरला. खिडकीवालीनं ते दाणे जिभेनं ओढून घेतले. मग ती रवंथ करायला लागेपर्यंत आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत तिथंच उभ्या राहिलो.