सांगतो एकाले, ऐकते सारं घर

नोव्हेंबरातला शेवटचा रविवार, सकाळ. देऊळगाव राजा, माझ्या दवाखान्याचा पुढचा हॉल.
हजर : डॉ. काझी, डॉ. सानप, नवीनच प्रॅक्टिस सुरू केलेली डॉ. प्राजक्ता आणि मी.
गैरहजर : डॉ. मधुकर झोरे.

शेवटचं नाव हात सवयीनं लिहून गेला. मग मी ते खोडलं नाही. झोरे सर दिवाळीनंतर गेले. आमची ही रविवारची बैठक त्यांनीच सुरू केली होती.

विषय तीन होते. सरांना श्रद्धांजली. रविवारचं वाचन पुढे कोणी चालवायचं. आणि नूरबीकडे जाऊन तिला सांगणं. पहिले दोन लवकर आटोपले, वाचन मी चालवायचं ठरलं. तिसरं अजून व्हायचं आहे. ते काम काय आहे हे समजायला आधी झोरे सर समजायला हवेत.

सर मूळचे सुलतानपूरकडचे. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता. सकाळी पेशंट यायच्या आधी ते झेरॉक्सच्या दुकानात जायचे. फोनवर उतरवलेलं नवीन संशोधन कागदावर काढून घ्यायचे आणि लाल पेन घेऊन वाचत बसायचे. सत्तरीला आलेला माणूस, पण परीक्षा उद्यावर आल्यासारखा वाचायचा. रविवारी ते कागद घेऊन आम्ही जमायचो. औषध कंपनीच्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. "चहा आपला, बिस्कीट आपलं, मंग अक्कलही आपली राहते," असं ते म्हणत.

वाचलेलं ते लगेच कामाला लावत. सर्दी-तापाला अँटिबायोटिक देणं त्यांनी आमच्यापेक्षा कितीतरी आधी सोडलं. उठसूट सलाईन लावणं बंद केलं. त्यापायी पेशंट गेले, कारण आमच्याकडे सुई टोचल्याशिवाय तपासल्यासारखं वाटत नाही.

"डॉक्टर, सुई द्या ना एक."

"काऊन?"

"सुईबिगर बरं नाही वाटत."

"मंग मी मले टोचून घेतो. तुले बरं वाटन का?"

हसत हसत माणूस सुईविना घरी जायचा. सगळे नाही, पण बरेच.

हनीफभाई गादीवाले त्यातले एक. बाजारात त्यांचं गाद्या-उशा भरायचं दुकान. शर्टावर कायम कापसाचे तंतू, मिशीतसुद्धा. सरांची आणि त्यांची जुनी दोस्ती. दवाखान्यात शिरताच ते विचारायचे, "काय डॉक्टरसाब, अजून अभ्यासच चालू? आमचा रफिक शिकून दुकानात बसला, तुम्ही अजून पुस्तकातच. नापास होऊन राह्यले का काय?"

"हाव ना बे. दरवर्षी नवीन पेपर निघते, दरवर्षी नापास होतो."

मग हनीफभाई बाहेर बाकावर बसलेल्यांना सांगायचे, "आपला डॉक्टर वाचून सांगते. बाकीचे सांगून मग वाचतात." हे वाक्य गावभर झालं होतं.

आता त्या गोळीबद्दल. आम्ही शिकलो तेव्हा साठीच्या माणसाला, हृदयाचा काही आजार नसला तरी, खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी रोज घ्यायला सांगत. गावात तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. अलीकडच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं की ज्यांना आधी अटॅक वगैरे आलेला नाही अशा वयस्कर माणसांना तिचा फायदा फारसा नाही, उलट पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ज्यांना अटॅक येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसलेला आहे, त्यांनी मात्र ती आपल्या मनानं सोडायची नाही. हा फरक सरांनी आम्हाला दोन-तीन रविवार घोटून घोटून समजावला. मग एकेका पेशंटचं बघून ते गोळी थांबवू लागले.

नूरबी ही हनीफभाईंची बायको. तिला चक्कर यायला लागली, शौचाला काळं व्हायला लागलं. सरांनी तपासलं, रक्त कमी निघालं. हृदयाचा आजार तिला नव्हता. गोळी मात्र ती वर्षानुवर्षं खात होती. सरांनी ती बंद केली, पोटाचं औषध दिलं. नूरबीचा स्वभाव त्यांना माहीत होता. आणलेली वस्तू वाया घालवणारी ती बाई नाही. उरलेल्या गोळ्या संपवूनच बंद करील म्हणून त्यांनी दटावून सांगितलं, "नूरबी, ही गोळी बंद म्हणजे बंद. आजपासून घरात ठेवायची नाही."

नूरबी महिन्याभरात सुधारली. चेहऱ्यावर रंग आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत हनीफभाई दुकानात कापूस भरता भरता छाती धरून बसले. रफिकनं गाडी काढली, पण जालन्याच्या रस्त्यावरच सगळं संपलं.

हनीफभाईंना आधीच्या वर्षी जालन्याला स्टेंट बसवला होता. वर्षानंतर तिथल्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायच्या दोन गोळ्यांपैकी एक थांबवली होती. दुसरी कायमची होती. ती म्हणजे हीच, अ‍ॅस्पिरिनची.

जियारतीच्या, म्हणजे मयतानंतरच्या तिसऱ्या दिवशी सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. नूरबी इद्दतीत बसलेली. त्या सव्वाचार महिन्यांत विधवा बाई परक्या पुरुषासमोर येत नाही. म्हणून सर पुढच्या खोलीत रफिकजवळ बसले आणि मी पडद्याआड तिच्याकडे गेले. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "मॅडम, डॉक्टरसाबले सांगा, मी त्यांचा शब्द पाळला. दोघांच्या गोळ्या आमच्या एकाच डब्यात राहायच्या. सकाळी चायसंगं मी एक खायची, एक यांच्या हातावर ठेवायची. डॉक्टरसाब बोलले घरात ठेवू नको, मी सारी पाकिटं काढून नालीत टाकली. यांची पण. हे बोलले, टाक, डॉक्टरसाबनं काही नवीन वाचलं असन."

पडदा पातळ होता. पलीकडे रफिक काहीतरी बोलत होता, तो मध्येच थांबला नाही, म्हणजे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. सर मात्र उठून उभे राहिल्याचा आवाज मला आला.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ते थांबले. मग म्हणाले, "मॅडम, संशोधन बरोबर होतं. पेशंट बरोबर होता. वाक्य चुकलं."

त्या रविवारी त्यांनी कुठला पेपर आणला नाही. हेच मांडलं. डॉ. काझी म्हणाले, "सर, गोळी चालू असूनही गेले असते. नक्की कोण सांगणार?"

"नक्की कोणीच नाही सांगू शकत. मी मले विचारतो, तू हनीफच्या गोळीचं विचारलं होतं का? नाही विचारलं. संपलं."

"मग नूरबीला सांगू नका. तिच्या हातानं टाकल्यात. ती जगायची नाही."

"अन् नाही सांगितलं त ती मोहल्ल्यात काय सांगन? डॉक्टरसाबनं गोळी टाकायले लावली अन् मी बरी झाली. आयकणाऱ्यांत कोणाले स्टेंट असन, काझी?"

इद्दत संपली की सर जाऊन सांगतील असं ठरलं.

मधल्या काळात त्यांनी दवाखान्याची पद्धतच बदलली. पेशंट कोणीही असो, घरातला औषधांचा डबा सोबत आणायचा. सगळ्या घराचा. बिस्किटाचे डबे, श्रीखंडाचे डबे, मिठाईचे खोके, एका आजींचा तर कुंकवाचा करंडा. सर तो टेबलावर पालथा करायचे आणि एकेक गोळी उचलून विचारायचे, "ही कोणाची? तो काऊन खाते?" लोक त्यांना डबेवाले डॉक्टर म्हणू लागले. एका पाटलांनी वैतागून विचारलं, "डॉक्टर, खोकला मले हाय, सुनंच्या गोळ्या काऊन पाहता?"

"पाटील, सांगतो एकाले, ऐकते सारं घर."

रविवारचं वाचनही बदललं. पेपर वाचून झाला की ते म्हणायचे, "आता हे पेशंटले सांगायचं वाक्य म्हणा. मोठ्यानं." एकानं डॉक्टर व्हायचं, बाकीच्यांनी त्या पेशंटचं घर. सासू, नवरा, शेजारीण. घरानं त्या वाक्याचा काय काय अर्थ काढला ते बघायचं आणि वाक्य परत बांधायचं. प्राजक्ता पहिल्यांदा आली तेव्हा तिला हा पोरखेळ वाटला होता. "सर, मी एमबीबीएस आहे, नाटक कंपनीत नाही," ती म्हणाली. सर म्हणाले, "पोरी, नाटकात चुकलं त लोक शिट्टी मारते. इथं चुकलं त मयत उठते." ते हसले नाहीत, त्यामुळे आम्हीही हसलो नाही.

इद्दत संपली. सर नूरबीच्या घरी गेले, मी गाडीत थांबले. पाऊण तासानं ते एक नवी कोरी उशी छातीशी धरून बाहेर आले.

"सांगितलं?"

"तोंड उघडायच्या आधी तिनं उशी हातात देली. हनीफनं शेवटचा पिंजलेला कापूस हाय म्हणे. तुमच्यासाठी ठेवला, म्हणे. तुम्ही लय वाचता, मान दुखत असन."

नंतर ते आणखी एकदा गेले. तेव्हा घरात रफिकच्या लग्नाची बोलणी चालू होती. त्याच सुमारास त्यांचं वजन उतरायला लागलं, कावीळ दिसली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो पसरलेला होता. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी किमोथेरपीचं विचारलं. सरांनी त्यावरचं सगळं वाचलं आणि नको म्हणाले. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी स्वतः समोर बसवून समजावलं. मग त्यांच्याकडून तेच परत म्हणवून घेतलं. काय समजलं ते बघायला.

शेवटचे दिवस वाईट गेले. वेदना मोठी, आणि आमच्याकडे मॉर्फिन मिळवणं हीच एक वेगळी लढाई. काझी त्यासाठी जालन्याला खेपा घालत होते. सरांच्या डोक्याखाली तीच उशी असायची. मऊ म्हणून नव्हे. वहिनींनी एकदा बदलली तर त्यांनी परत मागून घेतली. मी भेटायला गेले तेव्हा ते थांबत थांबत बोलले, "नूरबीचं माझ्यानं झालं नाही. तुम्ही करा. तिले सांगजा, हात तुहा नव्हता, वाक्य माह्यं होतं."

मी हो म्हणाले आणि घरी येऊन कामांच्या यादीत लिहिलं. त्यांचा दहावा, तेरावा, दवाखान्याची आवराआवर, पेशंटची वाटणी. कामं होत गेली. हे राहिलं.

काल नूरबी माझ्याकडे आली. आता ती माझी पेशंट. पत्र्याचा डबा तिनं टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, याच्यात आता एकाच माणसाच्या गोळ्या हायेत. तरी आणायचा का?"

"आणायचा," मी म्हणाले आणि तपासायला घेतलं. बोलता बोलता ती सांगू लागली, तिच्या दिराला, हनीफभाईंच्या धाकट्या भावाला, नुकताच जालन्यात स्टेंट बसवला. तो हिवरा आश्रमाजवळ राहतो. "मी त्याले फोनवर बोलली, ती रक्त पातळ करायची गोळी आपल्या घरात चालत नाही. फेकून दे. डॉक्टरसाब असते त हेच बोलले असते."

मी तिचाच फोन घेतला आणि दिराला लावला. "गोळी टाकली का? नाही ना? टाकायची नाही. स्टेंट आहे तोवर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय, ती एक दिवससुद्धा चुकवायची नाही. दुसऱ्या कोणाची बंद केली असेल तर ते त्यांच्यासाठी होतं, तुमच्यासाठी नाही." त्याच्याकडून तेच परत म्हणवून घेतलं. फोन तिच्या हातात दिला.

नूरबी फोनकडे बघत राहिली. मग डबा बंद केला. झाकण नीट बसलं नाही, तिनं परत दाबलं.

"मॅडम, मग यांची?"

बाहेर हॉल भरलेला होता. मी म्हणाले, "नूरबी, उद्या दुपारी मी घरी येते. बसून बोलू." ती मान हलवून उठली. दारात थांबली, पण वळली नाही.

म्हणून आज तिसरा विषय घेतला. सरांच्या पद्धतीनं. मी डॉक्टर, काझी नूरबी, प्राजक्ता रफिक, सानप शेजारी. मी सरांचं वाक्य म्हटलं, "हात तुझा नव्हता, वाक्य डॉक्टरसाबचं होतं." प्राजक्ता म्हणाली, "रफिक म्हणेल, म्हणजे अब्बांना डॉक्टरनं मारलं." सानप म्हणाले, "शेजारी म्हणतील, गोळी तर हिनंच टाकली." मी वाक्य बदललं. परत बदललं. मग काझी नूरबीच्या जागेवरून हळूच म्हणाले, "मी त्यांच्या हातावर रोज ठेवायची, मॅडम. त्या दिवसापासून नाही ठेवली."

चहा गार झाला. काझींनी कप गोळा केले.

दुपार झाली आहे. गाडीची किल्ली टेबलावर आहे. वहिनींकडून ती उशी मागून आणली आहे, नूरबीला परत द्यायची की नाही ते ठरलेलं नाही. वाक्यही अजून जुळलेलं नाही.