नोराबाईंची चंद्री

आमच्या गंगावेशीत बातमी अशी होती, की नोराबाईंनी ज्ञानू गवळ्याची म्हस विमानात घालून ऑस्ट्रेलियाला नेली. साफ खोटं. विमानातनं गेलं ते म्हशीचं चित्र. म्हस, म्हणजे चंद्री, गोठ्यात निवांत वैरण खात होती.

नोराबाई मेलबर्नकडच्या, बाप गाईवाला. चित्रकला तिकडंच शिकल्या. त्र्याण्णव साली दोन दिवसांसाठी कोल्हापुरात आल्या, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर समोर धार काढून दिलेलं दूध प्यायल्या आणि म्हशीकडं बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ज्ञानूमामाच्या गोठ्यात स्टूल टाकून बसल्या, त्या बसल्याच. काळा रंग त्यांनी कधी विकत घेतला नाही. निळा, तपकिरी, जांभळा कालवून म्हस काळी करायच्या. पहिलं चित्र बघून मामाची बायको चिमणाबाई म्हणाली, "गाभण हाय की ही." खरंच होती. तिचीच रेडी ही चंद्री. पुढं तिकडच्या प्रदर्शनांत नाव झालं, पण बाई कौतुकानं सांगतात ते चिमणाबाईचंच वाक्य.

तरी गल्ली त्यांना 'पावणं'च म्हणायची. दिवाळीच्या पाडव्याला अख्ख्या गल्लीच्या म्हशींची शिंगं त्या रंगवायच्या आणि मिरवणूक निघाली की कडेला उभ्या. दोन हजार चारला मात्र म्हणाल्या, "मामा, औंदा चंद्रीला मी नेणार."

"न्या की," मामा म्हणाला. "पर बोलावल्यावर म्हस आली तर. न्हाय आली तर कडंला ऱ्हावा."

आता मी गल्लीचा नकल्या, बाईंची हाक मला तोंडपाठ. "ये गं चांड्री," शेवटी सूर वर. मी पैज लावली, की त्यांच्या आवाजात आधी मी बोलावणार आणि म्हस माझ्याकडं येणार. हरलो तर महिनाभर शेण काढीन.

"व्हय, चालंल," बाई म्हणाल्या.

पाडव्याला गल्ली भरली. चंद्री त्या टोकाला. मी अशी हाक मारली, की चिमणाबाईसुद्धा फसून नोराबाईंच्या तोंडाकडं बघायला लागली. चंद्रीनं नुसता कान हलवला.

नोराबाईंनी तोंड उघडलंच नाही. पिशवीतनं ब्रश आणि रंग धुवायच्या टर्पेंटाइनचा डबा काढला आणि ब्रश डब्याच्या काठावर टकटक आपटला. जन्मल्यापासनं चंद्रीनं गोठ्यात ऐकलेला आवाज तो. गर्दी फोडत आली आणि बाईंच्या खांद्याला नाक घासलं.

"ह्याला काय बोलावणं म्हणायचं?" मामा कुरकुरला.

"म्हस आली न्हवं?" चिमणाबाईनं दावं बाईंच्या हातात दिलं. पाडव्याच्या रिवाजानं सायलेन्सर काढलेल्या फटफट्यांमागनं चंद्री पळाली, संगं नोराबाई, आणि अख्खी गंगावेस बाई आपल्याच म्हणून शिट्ट्या मारत होती.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेलो. बाईंनी शेणाची पाटी पायानं पुढं सरकवली.

"घ्या की, पावणं."