तुसावर टेकलेला गाल

शांतामाय पिल्लांच्या खोलीत शिरली की आधी आडवी व्हायची. साठी उलटलेली बाई, पदर कमरेला खोचून भाताच्या तुसावर गाल टेकवायची आणि डोळे मिटून पडून राहायची. एक दिवसाची पिल्लं तिच्या केसांत चोची मारत, एखादं मानेवर चढे. मग उठून अंग झटकत ती सुनेला सांगायची, "सुनिता, दिवा दोन बोटं वर घे." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बाईला भोवळ आली असं समजून मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले होते. ते पाणी ती शांतपणे प्यायली आणि म्हणाली, "बरं झालं, तहान लागलीच होती."

परतवाड्याजवळच्या त्या गावात पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक होती. गावातल्या वीस बायांचा गट होता. अकोल्याहून जीपमधून तीनशे पिल्लं यायची, तीन आठवडे शांतामायच्या टिनाच्या खोलीत वाढायची आणि मग घरटी पंधरा वाटली जायची. हे तीन आठवडेच काय ते नाजूक. पत्र्याचं गोल कडं, आत तूस, वर टांगलेले बल्ब, एवढाच त्या पिल्लांचा संसार. कोंबडीची ऊब त्या बल्बांनी द्यायची होती, आणि कोंबडीची अक्कल शांतामायनं.

ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली. जन्म लोकांच्या शेतात कापूस वेचण्यात गेला. बोंडातून कापूस काढताना पानाचा कचरा सोबत येऊ द्यायचा नाही, ही सवय बोटांत मुरलेली. मी खोलीत मोठ्या ऐटीत तापमापक लावला तेव्हा तिनं तो नीट वाचून दाखवला. वर म्हणाली, "चांगला हाय. पन हा राह्यते भितीवर, आन पिल्लू राह्यते खाली." मी हसले. माझ्याकडे पदविका होती, आणि कोणत्या दिवशी किती ऊब द्यायची याचा छापील तक्ता होता.

ऐन मे महिन्यात, नवी पिल्लं येऊन दोनच दिवस झाले असताना, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची अमरावतीची तारीख आली. ती जायला तयार नव्हती. "मी आहे ना," असं मी म्हटलं आणि सुनितासोबत तिला गाडीत बसवलं. जाताना खिडकीतून तिनं बजावलं, "पांगून बसले तं समज बरं हाय. एका जागी गोळा झाले तं थंडी. कडेले पळाले तं ऊन." मी ते डायरीत लिहून घेतलं. डायरी बॅगेत ठेवली आणि तक्ता भिंतीवर लावला.

आमच्याकडे उन्हाळ्यात खिडकीला ओलं गोणपाट लावतात. तसं मीही लावलं, आणि तापमापक अडकवला होता नेमका त्याच्या शेजारी. गारव्यात तो बिचारा कमीच दाखवणार. मी तक्ता पाहिला आणि आणखी एक बल्ब लावला. बाहेर वऱ्हाडातलं मे महिन्याचं ऊन, वर टिन, आणि मी पिल्लांना ऊब देत होते! ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पिल्लं चोची वासून कड्याला चिकटली. कित्येकांच्या शेपटीखाली विष्ठा सुकून वाट बंद झाली. मी घाबरून ते खडे कोरडेच ओढून काढू लागले. कातडी निघाली, रक्त आलं. पोटाखाली एक काळा सुकलेला धागा दिसला, तोही घाणच समजून ओढला. सकाळपर्यंत वीस पिल्लं गेली होती. बाया दारात उभ्या होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या वाट्याचे राह्यतीन ना?" मला तोंड वर करवेना.

त्याच दुपारी शांतामाय परतली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच धूसर. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही म्हणून ताकीद दिलेली. तिनं उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून घेतली, ताठ बसली आणि आतली पिल्लांची कलकल नुसती ऐकली.

"पह्यले दिवे बंद कर," ती म्हणाली. "आता आडवी पड."

"मी?"

"मले वाकता येत नाई. गाल टेकव."

इस्त्रीच्या ड्रेससकट मी तुसावर पडले. गाल चटकन मागे घेतला, इतकं तापलेलं होतं ते. तिनं विचारलंही नाही. माझा श्वास ऐकूनच तिला कळलं असावं.

मग कोमट पाण्याची वाटी आली, जुन्या लुगड्याच्या चिंध्या आल्या, खोबरेल आलं. मी एकेक पिल्लू तिच्या तळहातावर ठेवायची. ती न बघता अंगठा शेपटीखाली फिरवायची आणि सांगायची, "हे साफ हाय, सोड," नाहीतर, "हे बंद हाय." बंद असलेल्याला आधी ओली चिंधी नुसती धरायची. माझा हात घाई करू लागला की ती माझं मनगट धरायची. "ओढू नको वं. भिजू दे. सुटाचं असन तवा सुटते." खडा खरंच आपोआप सुटून यायचा. मग कोरडं पुसायचं, तेलाचं बोट लावायचं, अंग सुकलं की आत सोडायचं. एका पिल्लाचं पोट तिनं माझ्या बोटाला लावलं. "हे बेंबी हाय. हिले कोनी हात लावला तं जीव जाते."

"माय, मी ओढली होती. बऱ्याच जणांची."

तिचा हात थांबला. मग म्हणाली, "आता मालूम झालं ना? मंग पुढचं दे."

ऊन उतरेपर्यंत आम्ही ते करत होतो. शेवटचं पिल्लू सोडल्यावर तिनं मान किंचित कलती केली आणि म्हणाली, "आता पांगले." मी वळून पाहिलं. सगळ्या तुसावर पिल्लं सैल पसरून बसली होती. पट्टी बांधलेल्या बाईनं ते माझ्या आधी पाहिलं होतं. इतकं थक्क मला आयुष्यात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

त्यानंतर एकही पिल्लू गेलं नाही. वाटपाच्या दिवशी प्रत्येकीला पंधराऐवजी चौदा मिळाली. मी चूक कबूल करायला उभी राहिले, तर शांतामायच बोलली, "मॅडम शिकून राह्यली होती. आता शिकली."

यंदा हिवाळ्यात ती गेली. मी आता अकोल्यात, जठारपेठेत राहते. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्याला पांढरी साडी नेसून गेले. बुद्धवंदना झाली, आणि तेवढ्यात दारात पिल्लांची जीप उभी राहिली. आजच्या दिवस पुढं ढकलायचं होतं, असं कोणीतरी म्हणालं. सुनिता उठली. "अंडं फुटाचं आपल्यासाठी थांबते का, बाप्पा?" खोके घेऊन ती आत गेली, आणि थोड्या वेळानं दारातून तिनं मला खुणावलं.

"ताई, दिवे लावले. पन मले समजून नाई राह्यलं. दर खेपी मायच सांगे."

मी पदर खोचला आणि तुसावर गाल टेकवला. गार होतं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. "दिवा दोन बोटं खाली घे," म्हटलं. हळूहळू गालाखाली ऊब आली, कलकल निवली, एक पिल्लू माझ्या मानेच्या खळगीत शिरून झोपलं.

मी जरा सरकून जागा केली आणि सुनिताला म्हटलं, "आता तू पड."