माहेरचं रक्त

आराध्या पाच वर्षांची. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. खटावच्या कडेचं गाव, पहाटेची एसटी, विट्यात गाडी बदलायची, मग सांगली. पोरीला मांडीवर घेऊन हा प्रवास शुभांगी एकटीच करायची. नवरा विक्रम फौजेत, सासू रानात. पोरीला थॅलेसेमिया मेजर. म्हणजे अंगात रक्त नीट तयारच होत नाही, दुसऱ्याचं घेऊन जगायचं.

सांगलीच्या त्याच रुग्णालयात मी जेनेटिक काउन्सेलर आहे. आईबापाकडून मुलात उतरणारे आजार समजावून सांगायचे, पोटातल्या बाळाच्या कोणत्या तपासण्या करता येतील ते सांगायचं, हे माझं काम. जतकडच्या मेंढपाळाची मी मुलगी. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. त्यामुळे 'तुमाला आमच्यातलं काय कळणार' हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही.

शुभांगीला दुसऱ्यांदा दिवस गेले, पण मला ते उशिरा कळलं. घरचा नियम असा की तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. आपल्याच डॉक्टरपासूनही लपवायचं. वारेचा बारीक तुकडा काढून तपासायची वेळ त्यातच निघून गेली. आता उरलं गर्भजल. पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं थोडं पाणी काढतात. पण त्याआधी आई आणि बाप, दोघांच्याही रक्तात दोष नेमका कुठे आहे ते शोधावं लागतं. मग तोच बाळात शोधायचा. आराध्याच्या अंगात इतरांचं रक्त फिरत असल्यामुळे लॅबला तिचा नमुना नको होता.

विक्रम सुट्टीवर आला होता. तो रक्त द्यायला तयार होईना.

"मॅडम, फौजेच्या मेडिकलला पास झालेला माणूस हाय मी. माज्यात काय निघणार?"

मी सांगितलं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापातल्या एकाकडूनच दोष आलेला माणूस धडधाकट असतो, त्याला जन्मभर काही होत नाही. पण नवराबायको दोघेही मायनर असले तर मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक.

"मग ते एक झालं की. आता फुडची तीन चांगली."

"दर बाळंतपणाला नव्यानं चारात एक. पहिला टॉस हरला म्हणून दुसरा जिंकतायच, असं हाय का?"

यावर त्याने तोडगा काढला. रक्त देतो, पण पोरगा आहे का तेवढं सांगायचं. माझं डोकं तडकलं. हे विचारणंही गुन्हा आणि सांगणंही गुन्हा, पुन्हा तोंडातून काढलंत तर इथून उठायचं, असं मी त्याला बजावलं.

मग त्याची आई, कमलताई, मध्ये पडल्या. "आवं मॅडम, माज्या पोराला कशापायी टोचताय? खोट हिच्या म्हायेरच्या रक्तात हाय. आमच्यात असलं कवाच न्हवतं."

शुभांगी खाली मान घालून बसली होती. हळूच म्हणाली, "आत्या, आसं नका बोलू."

आमच्या भागात सून सासूला आत्याच म्हणते, त्यामुळे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं, "सख्खी आत्या?"

"व्हय. माज्या बापाची सख्खी बहीण."

म्हणजे विक्रमने मामाची मुलगी केली होती. रीतच आहे ती. आणि ही बाई पाच वर्षं स्वतःच्याच भाचीला माहेरावरून बोलत होती.

"कमलताई," मी म्हटलं, "हिचं माहेर तेच तुमचं माहेर. त्या घरातलं रक्त वाईट असंल, तर ते तुमच्या सासरी पहिल्यांदा कोण घेऊन आलं?"

कुणालाही दोषी वाटेल असं बोलू नये, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी बोलले.

कमलताईंनी बाही वर सारली. "पयलं माजं काडा." आणि पोराकडे वळून म्हणाल्या, "बस रं हितं. लय फौजी झालास."

कमलताई मायनर निघाल्या. विक्रम आणि शुभांगीही मायनर, दोघांत दोष एकच. जवळच्या नात्यात तो दोन्हीकडून उतरण्याची शक्यता जास्त असते. गर्भजल काढलं. बाळ मेजर निघालं तर पुढे काय करायचं हे शुभांगीने ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही, हे मी सगळ्यांसमोर आधीच सांगून ठेवलं होतं. रिपोर्ट आला. बाळ मायनर.

पुढे कमलताई धाकट्या मुलाला आणि शुभांगीच्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. त्या दोघांचं ठरत होतं. दोघेही मायनर निघाले. सोयरीक कमलताईंनी स्वतःच मोडली. त्यांचा भाऊ, मुलीचा बाप, अजून त्यांच्याशी बोलत नाही.

दृष्ट काढायला माणसांना वेळ असतो, पत्रिका बघायलाही असतो. सुपारी फोडण्याआधी दोघांचं रक्त तपासा. एकेक नळी पुरते.

आराध्या अजून दर तीन आठवड्यांनी येते. हल्ली तिला आजी आणते. कधी धाकटं भावंडही सोबत असतं. त्याला रक्त लागत नाही.