गयाअक्का सायकल शिकल्या तेव्हा

मस्तगडातल्या दुकानात रेकॉर्डरचे सेल घेत होते, तेवढ्यात हसनाबादहून गयाअक्कांची थोरली लेक कमलताई यांचा फोन आला. "तुमची अक्का गेली, मॅडम..." रविवारी मी अक्कांकडेच जाणार होते. दुकानदारानं दोनदा विचारलं, सेल देऊ का? मी हो म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक.

अक्का म्हणजे बालवाडीच्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली. आमच्या कॉलेजनं जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या ठरवल्या आणि मी इतिहास शिकवते म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या दिवशी चाळीस प्रश्नांची यादी घेऊन बसले. "आपला जन्म कुठे झाला?" अक्कांनी मला नीट न्याहाळलं. "आधी तू सांग पोरी, तुझं माहेर कोणतं?" टेंभुर्णी म्हटल्यावर चौकशी पार माझ्या आजोळापर्यंत गेली. पाऊण तास माझीच मुलाखत चालली होती! आजही अक्का आठवल्या की मला आधी हसूच येतं.

नंतरची रीतसर मुलाखत मात्र अगदी मिळमिळीत झाली. हात रिकामे असले की अक्का भाषण केल्यासारख्या बोलायच्या. सूप हातात घेतलं की खऱ्या अक्का सुरू. पण पाखडण्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो म्हणून मी शहाणी बाई तेव्हाच रेकॉर्डर बंद करायचे आणि चहा पीत नुसतं ऐकायचे! तिशीत सायकल शिकायला निघालेल्या अक्का, आडवं आलेलं कुत्रं, शेतात घेतलेली लोळण... चूक फार उशिरा उमगली. रविवारी सुपाच्या आवाजासकट सगळं घ्यायचं ठरवलं होतं, तो रविवार आलाच नाही.

महिन्याभरानं हसनाबादला गेले. सुना, नाती शेंगा फोडत बसल्या होत्या. कमलताई म्हणाल्या, "तिची सायकलची गोष्ट लावा ना मॅडम. तिच्या आवाजात ऐकायचीय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं ते सांगून टाकलं. मग कमलताईंनी रेकॉर्डर माझ्यापुढे सरकवला. "कसा चालू करायचा हा? मंग तुम्हीच सांगा. तुम्ही तर ऐकलीय ना!"

आजवर नुसते प्रश्न विचारणारी मी, अडखळत सांगू लागले. ज्वारीत पडल्या म्हटलं, तर दोन सुना एकदम ओरडल्या, "न्हाई, कापसात!" मग नातीही मध्ये पडल्या, आणि जो हशा पिकला... गोष्ट संपल्यावर मी सवयीनं बटणाकडे हात नेला. कमलताईंनी तो धरला.

"राहू द्या चालू. कुत्रं बित्रं बिलकुल नव्हतं. मागून सायकल मी धरल्ती. नऊ वर्षांची होते. तिचं हँडल असं डुलून राह्यलं की मला हसू आलं, अन् मी सोडूनच दिली..." त्या हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. "बाप मला मारील म्हणून तिनं कुत्र्याचं नाव घेतलं. मरेपर्यंत कुत्र्याचंच घेतलं!"