फक्कीच्या भिंती

रिकाम्या प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने घर आखलं, की ते हमखास काडेपेटीएवढं दिसतं. पांढऱ्या रेघांमध्ये उभी राहून बायको ओरडली, "अहो, हे स्वयंपाकघर की देव्हारा?" मेव्हण्याने पायाने एक भिंत पुसली, मिस्त्रीने दुसरी ओढली. सकाळपासून हेच चाललं होतं. विटांच्या भिंतीला माणूस वचकून असतो. फक्कीची भिंत मात्र येणाराजाणारा खुशाल सरकवतो. पाया खणणारे सावलीत तंबाखू मळत बसले होते आणि माझ्या डोक्याचा तवा झाला होता.

प्रत्येकाचा हट्ट पुरवायला जागा निघत होती ती एकाच ठिकाणाहून, आईच्या खोलीतून. आता त्यातलीच हातभर गाडीलाही हवी होती.

तेवढ्यात आई आली. आम्ही सगळे भुतांसारखे भिंतींतून आरपार हिंडत होतो. तिने मात्र दारापुरती सोडलेली फट शोधली, चपला बाहेर काढल्या आणि वळत वळत आपल्या खोलीत जाऊन मातीवर मांडी घालून बसली.

मिस्त्री म्हणाला, "आजी, जरा उठता का? गाडीला जागा कमी पडतेय."

"गाडीला म्हणावं, दार वाजवून आत ये."

तिची समजूत घालायला मी तरातरा निघालो, आणि तिच्या खोलीच्या फटीपाशी थबकलो.

"बूट काढून ये," ती म्हणाली.

वाकून नाड्या सोडता सोडता मी मिस्त्रीला सांगितलं, "गाडी राहील रस्त्यावर. तुम्ही खणायला घ्या."